मदत मागण्याचेही शास्त्र आहे

न्यूटनचे गतिविषयक नियम तुम्ही शाळेत शिकता. ओमचा नियम शिकता, आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ करता. हे सर्व आवश्यकच आहे. पण समजा, सहलीला गेले असताना डोंगरातल्या आडवाटेवर तुमचा एखादा सोबती घोड्यावरून पडला आणि निपचित राहिला, तर मदत कशी मागवायची, हे तुम्हांला कोणी शिकवले आहे काय?

‘त्यात शिकण्यासारखे काय आहे? फोन करायचा!’ असे उत्तर तुमच्यापैकी बहुतेक जण देतील. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे मत आहे. मदत मागण्याचेही एक शास्त्र आहे. ते शिकावे लागते, त्याचा सराव करावा लागतो, आणि ते शाळेतच शिकवले गेले पाहिजे. असे मी का म्हणतो, हे समजण्यासाठी प्रथम शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक खरी हकीकत ऐका.

तारेवरून झालेली शस्त्रक्रिया

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात किंबर्ली नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील गुरांची कुरणे इतकी मोठी असतात की गुरे हाकायची तर घोड्यावर बसूनच हाकावी लागत. १९१७ च्या जुलै महिन्यात जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी असाच कामावर असताना गुरे उधळली. त्याचा घोडा कोसळला आणि डार्सी गंभीर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला गाडीत घालून सुमारे ७५ किलोमीटरांवरच्या हॉल्स क्रीक या वस्तीत नेले. त्या प्रवासालाच सुमारे बारा तास लागले.

हॉल्स क्रीकला डॉक्टर नव्हता. होते ते पोस्टमास्तर टकेट आणि त्यांचे तारायंत्र. जवळच्या दोन गावांतील डॉक्टरांशी तारेने संपर्क होईना. तेव्हा टकेट यांनी थेट पर्थ शहरातील डॉ. हॉलंड यांना तार केली. पर्थ तेथून सरळ रेषेत सुमारे १९०० किलोमीटर दूर, म्हणजे मुंबई ते कोलकाता या अंतराहूनही जास्त. टकेट लक्षणे कळवीत, डॉक्टर प्रश्न विचारीत. कट्ट-कडकट्ट, कट्ट-कडकट्ट असा संवाद चालू राहिला. त्यातून डॉक्टरांनी निदान केले की मूत्रमार्गाला गंभीर इजा झाली आहे आणि तत्काळ शस्त्रक्रिया केली नाही तर रोगी दगावेल.

शस्त्रक्रिया करणार कोण? पोस्टमास्तर! हत्यार कोणते? खिशातला चाकू आणि दाढीचा वस्तरा. जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेटचे पाणी. नीट भूल देण्याची सोय नव्हती. डॉक्टर तारेवरून एकेक सूचना देत गेले आणि टकेट यांनी कित्येक तास खपून ती शस्त्रक्रिया पार पाडली.

पुढे गुंतागुंत वाढल्यामुळे डॉ. हॉलंड स्वतः निघाले. गुरे वाहणारी बोट, मोटार, घोडागाडी आणि शेवटी पायपीट असा प्रवास करून ते हॉल्स क्रीकला पोचले, तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता. तपासणीत असे आढळले की शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. अशक्त झालेल्या त्या देहाला मलेरियाने गाठले होते, आणि त्या मलेरियाचे निदानच झालेले नव्हते.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की टकेट यांना प्रथमोपचाराचे शिक्षण मिळालेले होते आणि त्या वर्गाचे शिक्षक होते हेच डॉ. हॉलंड. म्हणूनच डॉक्टरांची भाषा पोस्टमास्तरांना कळली आणि पोस्टमास्तरांच्या वर्णनावर डॉक्टरांना विश्वास ठेवता आला. दुसरी गोष्ट अशी की डोळ्यांदेखत दिसत होते तेवढेच तारेवरून गेले. जे दिसले नाही, ते दूरच्या डॉक्टरला कळण्याचा मार्गच नव्हता. निरोप जेवढा पुरा, तेवढीच मदत पुरी.

विमान मिळाले, पण निरोप कोण देणार?

डार्सीच्या मृत्यूने ऑस्ट्रेलियात हळहळ पसरली. अंतर्भागात सेवाकार्य करणारे धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांनी डॉक्टरला विमानाने रोग्यापर्यंत नेण्याची कल्पना उचलून धरली. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी पैसे जमवले, लोकांची मने वळवली. अखेर १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून डॉ. वेल्च यांना घेऊन पहिले विमान ज्यूलिया क्रीक या गावी गेले. पहिल्या वर्षात सुमारे पन्नास उड्डाणे झाली आणि २२५ रोग्यांवर उपचार झाले. आजची ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ ती हीच.

पण येथेच एक मोठी अडचण होती. विमान तयार, वैमानिक तयार, डॉक्टरही तयार. मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या कुरणावर कोणी घोड्यावरून पडला आहे, हे त्यांना सांगणार कोण? तेथे तार नव्हती, टेलिफोन नव्हता आणि वीजही नव्हती. निरोपावाचून विमान म्हणजे पत्त्यावाचून पाकीट!

हा प्रश्न आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने सोडवला. १९२९ मध्ये त्यांनी बनवलेले बिनतारी यंत्र प्रत्यक्ष उपयोगात आले. त्यासाठी लागणारी सुमारे २० वॅट वीज पायांनी पायटे फिरवून निर्माण होई, जशी आपण सायकल चालवतो तशी. पाय वीज निर्माण करीत आणि हात मोकळे राहून संदेश पाठवीत. मोर्सची लिपी सर्वांना येत नाही असे दिसल्यावर ट्रेगर यांनी यंत्राला टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या. ‘अ’ची कळ दाबली की ‘अ’चा संकेत आपोआप जाई. पुढे १९४२ पासून दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. पुढे माणसाच्या शरीराचे भाग क्रमांक घालून दाखवणारे चित्रही तयार झाले. ‘कोठे दुखते?’ या प्रश्नाला केवळ एक आकडा सांगितला की डॉक्टरांना जागा समजे. ‘अमुक क्रमांकाचे औषध द्या’ एवढे त्यांनी सांगितले की घरच्या माणसांचे काम भागे.

पाहा, विमानाइतकेच महत्त्व या आकड्यांना होते. सामान्य माणसाला चुकीचा निरोप देताच येऊ नये, अशी ती योजना होती. यालाच मी मदत मागण्याचे शास्त्र म्हणतो.

घोड्यावरून पडणे म्हणजे काय?

आता थोडे गणित करू. घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे २.४ मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर किती वेगाने आदळते? वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वीय त्वरण × उंची, म्हणजे २ × ९.८ × २.४ = ४७. याचे वर्गमूळ सुमारे ६.९ मीटर दर सेकंदाला, म्हणजेच ताशी सुमारे २५ किलोमीटर. आणि हे घोडा उभा असताना! घोडा ताशी ४० किलोमीटर वेगाने उधळला असेल, तर दोन्ही वेगांचा मेळ घालून आदळण्याचा वेग ताशी ४७ किलोमीटरांच्या आसपास जातो.

हेल्मेटचा उपयोगही याच गणिताने कळतो. डोके दगडावर आदळले तर ते दोन-चार मिलिमीटरांतच थांबते. हेल्मेटच्या आतला मऊ थर चेपत जातो, त्यामुळे डोके दोन-तीन सेंटिमीटर अंतरात थांबते. थांबण्याचे अंतर दहापट झाले की डोक्याला बसणारा सरासरी हिसका एकदशांश होतो. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक घोड्यावरून रपेट करतात, परंतु त्यांच्या डोक्यावर हेल्मेट क्वचितच दिसते. घोडा भाड्याने देणाऱ्याने हेल्मेटही दिलेच पाहिजे आणि न दिल्यास आपण घोड्यावर बसता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ डोकेच नव्हे, तर मान, पाठीचा कणा, गळ्याखालचे हाड आणि मनगट यांनाही धोका असतो. पाय रिकिबीत अडकला तर घोडा स्वाराला फरफटत नेतो. घोड्याचे वजन चारशे-पाचशे किलोग्रॅम भरते. तो अंगावर पडला तर ओटीपोटाची हाडे मोडून आत रक्तस्राव होतो. बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही, पण माणूस पांढरा पडतो, अंगाला थंड घाम सुटतो, नाडी जलद आणि बारीक होते, तहान लागते. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दीड लिटर गेले तर जीव धोक्यात येतो. म्हणून ‘बाहेरून काही लागलेले दिसत नाही’ हे वाक्य समाधानाचे नाही.

आज काय बदलले आणि काय नाही?

‘ही जुनी गोष्ट झाली, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे,’ असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. आज आपल्या देशात संकटकाळी ११२ हा एकच क्रमांक फिरवता येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. जगाच्या पाठीवर कोठूनही ४०६ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर संकटसंदेश पाठवणारी छोटी यंत्रे आहेत. उपग्रह ते संदेश टिपतात. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगरात कोसळलेल्या विमानातील तिघांचे प्राण एका सोव्हिएत उपग्रहाने टिपलेल्या अशाच संदेशामुळे वाचले. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे देश या कामी एकत्र आले होते. भारतही या व्यवस्थेत सामील आहे आणि आपले नियंत्रण केंद्र बंगळूरला आहे.

परंतु सह्याद्रीच्या एखाद्या घळीत किंवा सातपुड्याच्या पाड्यावर जाऊन पाहा. मोबाईलला रेंज नसते. उपग्रहावर चालणारा फोन आपल्या देशात परवान्यावाचून बाळगता येत नाही. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागात आजही काही पाड्यांवरून रोग्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि आपल्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तात्पर्य, मोबाईल ही केवळ डार्सीच्या काळची तार आहे, जरा लांब झालेली. तारेच्या या टोकाला टकेट पाहिजेच. आज ते टोक म्हणजे तुम्ही!

निरोप कसा असावा?

‘माणूस घोड्यावरून पडलाय, लवकर या!’ हा निरोप नव्हे, ही केवळ हाक झाली. आता पुढील निरोप वाचा :

‘देवळापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, दुसऱ्या ओढ्यापाशी आहोत. चौदा वर्षांचा एक मुलगा १० वाजून २० मिनिटांनी घोड्यावरून पडला. शुद्धीवर आहे, श्वास चालू आहे, पायांना मुंग्या आल्यात म्हणतो. रक्त वाहत नाही. त्याला हलवलेले नाही. गाडी देवळापर्यंतच येते, पुढे अर्धा तास चालावे लागेल. देवळापाशी लाल टोपी घातलेला मुलगा वाट पाहत उभा राहील. हा फोन चालू ठेवतो.’

यात काय आहे? कोठे, काय, केव्हा, कोणाला, अवस्था कशी, वाटेत अडथळा कोणता आणि उलट संपर्क कसा साधायचा, या सात प्रश्नांची उत्तरे आहेत. सर्वांत आधी ‘कोठे’ सांगावे, कारण बोलता बोलता संपर्क तुटला तरी निदान जागा तरी कळलेली असते. हा निरोप आधी कागदावर लिहावा आणि मग वाचून दाखवावा. घाबरलेला माणूस निम्मे विसरतो. समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन आपण होऊन बंद करू नये.

मोबाईलला रेंज नसली तरी त्यातील स्थाननिदर्शक बहुधा चालतो, कारण तो उपग्रहांकडून केवळ संकेत घेत असतो. त्यावरचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. अंशाचा एक हजारावा भाग म्हणजे अक्षांशात सुमारे १११ मीटर, म्हणून दशांशचिन्हानंतरचे निदान चार आकडे कळवा. अंक एकेक करून वाचा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. बोलणे होत नसेल तर लघुसंदेश पाठवून पाहा. तो क्षीण संकेतावरही कधी कधी जातो. घरच्या माणसाला पाठवला तर तो पुढे ११२ ला कळवू शकेल. तेही होत नसेल तर दोघांनी मिळून लेखी निरोप घेऊन रेंज असलेल्या जागी जावे, आणि जखमीजवळ कोणीतरी थांबावेच. फोन नसेल तर शिट्टी आहे. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. गिर्यारोहकांमध्ये ही संकटाची खूण १८९४ पासून रूढ आहे. मिनिटात तीन शिट्ट्यांचे उत्तर आले, तर आपली हाक पोचली असे समजावे.

मदत येईपर्यंत

प्रथम घोड्याला धरून दूर बांधा, म्हणजे दुसरा अपघात होणार नाही. मग जखमीकडे या. तो बोलतो का, श्वास घेतो का, हे पाहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला उठवू नका, बसवू नका. डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा. हेल्मेट ओढून काढू नका. श्वासालाच अडथळा होत असेल तर गोष्ट वेगळी. बेशुद्ध असून श्वास चालू असेल आणि उलटी होत असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून कुशीवर वळवा. श्वासच थांबला असेल तर छाती दाबण्याची क्रिया लगेच सुरू करावी लागते, आणि ती वाचून नव्हे, तर प्रत्यक्ष सरावानेच येते. अंगावर चादर घाला. पाणी, चहा, खाणे काहीही देऊ नका, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दर दहा मिनिटांनी नाडी, श्वास आणि शुद्ध यांची नोंद वेळेसह लिहा. डॉक्टरला ती नोंद फार मोलाची वाटते.

वाहून नेणे अगदीच भाग पडले, तर झोळीपेक्षा सपाट फळी किंवा दार बरे, कारण झोळीत कणा वाकतो.

दोन आक्षेप

काही शिक्षक म्हणतील, ‘मुलांनी भलतेच काही केले तर?’ शंका रास्त आहे. पण वरची यादी पुन्हा वाचा. तीत ‘करू नका’ किती वेळा आले आहे! प्रथमोपचार न शिकलेला माणूसच जखमीला पटकन उठवून बसवतो, पाणी पाजतो, मानेला हिसका देतो. शिक्षणाने घाई वाढत नाही, उलट ती आवरता येते.

दुसरा आक्षेप असा, की अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे. पण येथे नवा विषय कोणी मागत नाही. पडण्याचा वेग हे भौतिकशास्त्र आहे, नाडी व रक्त हे जीवशास्त्र आहे, अक्षांश-रेखांश हा भूगोल आहे, आणि निरोप लिहिणे हे तर मराठीच्या तासाचे काम आहे. शिकवलेल्याच गोष्टी एका प्रसंगाभोवती गुंफायच्या आहेत.

शाळेने काय करावे?

प्रत्येक माध्यमिक शाळेने तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो. पहिली : विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराचा ‘मदतीचा नकाशा’ तयार करावा. मोबाईलला रेंज कोठे मिळते, रुग्णवाहिका कोठपर्यंत येते, पावसाळ्यात कोणता ओढा वाट अडवतो, प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, हे त्यात दाखवावे. नकाशा दरवर्षी नव्या वर्गाने पुन्हा तपासावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी. दुसरी : प्रत्येक सत्रात प्रथमोपचाराचा प्रत्यक्ष सराव व्हावा. तिसरी : निरोपाची परीक्षा घ्यावी. एका विद्यार्थ्याला अपघाताचे चित्र दाखवा. त्याने ते दुसऱ्या खोलीतल्या मित्राला केवळ बोलून कळवावे आणि त्या मित्राने ऐकून लिहून काढावे. मग दोन्ही ताडून पाहा. काय काय निसटले ते पाहून तुम्हांलाच नवल वाटेल.

हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही, पैसे लागत नाहीत. येत्या आठवड्यातच करून पाहा. हॉल्स क्रीकच्या पोस्टमास्तरांजवळ एक चाकू, एक वस्तरा आणि एक तार होती. पण ते उभे राहू शकले ते कधी काळी प्रथमोपचाराच्या वर्गात बसले होते म्हणून. तसा वर्ग तुमच्या शाळेत भरतो का, हे उद्या आपल्या सरांना किंवा बाईंना जरूर विचारा. आणि भरत नसेल, तर भरवण्याचा आग्रह धरा.